खाडीच्या पोटातलं धन : जमा, खर्च आणि शिल्लक



दर अंकात आपण एक अभ्यासाचा विषय घेतो. या वेळचा विषय एका बैठकीतच निघाला. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले आणि चहा येईपर्यंत एका काकींनी विचारलं, "गे बाय, आपल्या खाडयेत सोन्याचां जहाज बुडालां असा म्हणतत, तां खरां काय?"

सगळ्या हसल्या. काकी मात्र हसल्या नाहीत. मागून कळलं, त्यांच्या ओळखीच्या एका घरात एक माणूस येऊन गेला होता. परसात जुन्या व्यापाऱ्याचं धन पुरलंय, वाट मोकळी करायला पूजा घालावी लागेल, असं तो सांगत होता. पूजेचा खर्च हजारांत. त्या घरातली बाई आपल्यासारखीच एका गटाची सभासद. तिने गटाकडे कर्जाचा अर्ज दिला होता, कारण लिहिलं होतं 'घरदुरुस्ती'. अर्ज मंजूर व्हायच्या आधी खरं कळलं, म्हणून पैसे वाचले. पण अर्ज नाकारला, तरी तिच्या मनातला प्रश्न तसाच राहिला. पूर्वी इथे एवढी जहाजं येत होती, तर त्यातलं धन गेलं कुठे?

हा प्रश्न वेडगळ नाही. त्याचं उत्तर आपण गटाचा हिशेब मांडतो तसं मांडू. आधी जमा, मग खर्च, मग शिल्लक.

आधी जागा समजून घेऊ

मुंबईहून गोव्याकडे जाताना महामार्गावर सिंधुदुर्ग जिल्ह्याचं पहिलं मोठं गाव लागतं ते खारेपाटण. तालुका कणकवली. आज एस.टी.तून उतरणाऱ्या माणसाला हे बंदराचं गाव वाटतच नाही. समुद्र कुठे दिसत नाही, दिसते ती सुखनदी. पण नाव बघा. पाटण म्हणजे पट्टण, व्यापाराचं गाव. खाऱ्या पाण्यावरचं पाटण ते खारेपाटण, असा अर्थ सहज लागतो.

नदीचं हे पाणी पुढे वाघोटणच्या खाडीतून विजयदुर्गला समुद्राला मिळतं. खारेपाटणपासून खाडीच्या तोंडापर्यंत पाण्याची वाट सुमारे 40 किलोमीटर. तोंडाशी दक्षिण काठावर विजयदुर्ग किल्ला, म्हणजे देवगड तालुका. पलीकडच्या काठाला राजापूर तालुका, जिल्हा रत्नागिरी.

आता एक गंमत. आपण बुडालेली जहाजं शोधतो, पण ही खाडीच मुळात एक बुडालेली दरी आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी पृथ्वीवर फार थंडी होती. पाण्याचा मोठा साठा बर्फात अडकला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. किनारा खूप पश्चिमेला होता. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कोरल्या. पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्यांमध्ये शिरला. कोकणातल्या बऱ्याचशा खाड्या अशाच झाल्या. म्हणून त्या अरुंद, वाकड्यातिकड्या आणि लांबवर आत गेलेल्या असतात.

या आकाराचा फायदा व्यापाऱ्यांना झाला. विजयदुर्गाच्या तोंडाशी पाणी खोल. काही खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पडतो, तसा इथे नव्हता. डोंगरामुळे वारा अडायचा. भरती लागली की गलबतं पाण्याबरोबर आत सरकत. परतताना सुकतीबरोबर बाहेर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं आणि अष्टमीच्या भांगाला कमी, हे आपल्या घरातल्या जाणत्या बायकांना आजही तोंडपाठ असतं. त्या काळी सगळा व्यापार याच ज्ञानावर चालायचा. घाटावरून माल खाली यायचा आणि खारेपाटणला होडीत चढायचा. डोंगराची वाट आणि पाण्याची वाट जिथे भेटतात, तिथे बाजार उभा राहतोच.

जमा : धन आलं कुठून?

याचा पक्का पुरावा आहे, आणि तो खारेपाटणलाच मिळाला. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला लेख, म्हणजे ताम्रपट. दक्षिण कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या रट्टराज राजाने तो दिला. शके 930, म्हणजे इसवी सन 1008. आज त्याला हजार वर्षं होऊन गेली. हा लेख पहिल्यांदा वाचून छापणारे कोण, माहीत आहे? आपल्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. 1832 साली 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढणारे तेच.

ताम्रपटात काय लिहिलंय? आधी राजाच्या घराण्याची वंशावळ. मग एका शिवमंदिराच्या खर्चासाठी दिलेलं दान. तीन गावांचं उत्पन्न मंदिराला दिलं. त्याशिवाय परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं मंदिराला मिळावं, आणि कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण सोनं. गद्याण आणि धरण ही त्या काळची वजनं आणि नाणी. चेमूल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदर, इथल्या जहाजांना मात्र यातून सूट.

म्हणजे खाडीत सोनं येत होतं हे खरं. पण कशाच्या रूपात? जकातीच्या. प्रत्येक जहाजामागे ठरलेलं, मोजून घेतलेलं, आणि कशावर खर्च करायचं तेही आधी लिहून ठेवलेलं. मंदिराची दुरुस्ती, पूजा, तिथे राहणाऱ्या तपस्व्यांचं आणि आल्यागेल्याचं जेवणखाण. मंदिराच्या सेवेला कोणाची घरं नेमून दिली तेही त्यात आहे. सेविका, तेली, माळी, कुंभार, परीट. राजाच्या लेखात कष्टकऱ्यांच्या घरांचीही नोंद आहे, हे लक्षात ठेवा.

खारेपाटणचाच आणखी एक ताम्रपट शके 1016 चा, म्हणजे इसवी सन 1094 चा. तो उत्तर कोकणच्या शिलाहार राजा अनंतदेवाचा. त्यात भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांच्या जहाजांना ठाणे, सोपारे, चौल अशा बंदरांत जकात माफ केली आहे. दोघा भावांच्या धंद्याला दिलेली करसवलतच ही. नऊशे वर्षांनंतरही आपल्याला त्यांची नावं कळतात, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली.

खर्च : मग धन गेलं कुठे?

आता दुसरी बाजू. तीन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट, सोनं थांबलंच नाही. व्यापारातलं सोनं हातोहात फिरतं. जकात भरली, ती मंदिराकडे गेली, तिथून धान्य आलं, तेल आलं, मजुरी दिली गेली. आपल्या गटाचा पैसा कपाटात पडून राहत नाही, अंतर्गत कर्जात फिरत राहतो, तसंच ते. बंदरात सोनं येतं तसं निघूनही जातं. म्हणून 'जहाजं आली म्हणजे सोनं पुरलेलं असणारच' हा हिशेबच चुकीचा.

दुसरी गोष्ट, लढाई. खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग अठराव्या शतकात आंग्रे घराण्याच्या आरमाराचं मोठं ठाणं होता. घुराबा आणि गलबतं इथे बांधली जात, दुरुस्त होत. किल्ल्यापासून खाडीत आत गेलं की कातळात खोदलेली आंग्र्यांची गोदी आजही दिसते. सुमारे 355 फूट लांब आणि 227 फूट रुंद. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी गेलं की दुरुस्तीला लागायचं.

तुळाजी आंग्रे आणि पेशवे नानासाहेब यांचं पटेना. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह आरमार घेऊन खाडीत आले. तोफांचा मारा सुरू झाला. आंग्र्यांनी 1749 साली इंग्रजांकडून जिंकलेलं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज बाकीच्या जहाजांजवळच नांगरलेलं होतं. त्यावर एक पेटता गोळा पडला. आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि आंग्र्यांचं जवळजवळ सगळं आरमार इथेच जळालं. मराठ्यांच्या दोन घरांतलं भांडण, पण खाडीच्या तळाशी गेलं ते सगळ्यांचंच बळ.

आणि किल्ल्यातलं धन? ते बुडालं नाही. इंग्रजांनी किल्ल्यातून सुमारे एक लाख पौंडांचा ऐवज घेतला, म्हणजे त्या वेळचे जवळपास दहा लाख रुपये. तो त्यांनी आपसांत वाटून घेतला, पेशव्यांना त्यातला वाटा दिला नाही. किल्ला परत मिळायलाही ऑक्टोबर उजाडला, आणि इंग्रजांच्या पदरात बाणकोट पडलं. म्हणजे सोनं बोटीत बसून गेलं, तळाशी राहिली ती जळकी लाकडं आणि लोखंड.

तिसरी गोष्ट, गाळ. हा सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात मोठा खर्च. डोंगरावरची झाडं कमी झाली की पावसाबरोबर माती उतरते. नदी ती वाहून आणते. भरतीचं पाणी समोरून आलं की नदीचा वेग मंदावतो आणि माती तिथेच बसते. वर्षानुवर्षं असं होत खारेपाटणची पाण्याची वाट उथळ झाली. मोठी जहाजं यायची थांबली, मग लहान गलबतंही. पुढे रस्ते आले, ट्रक आले. बंदर कोणी जिंकलं नाही की जाळलं नाही, ते गाळात गेलं.

हा गाळ अजून आपल्याला सोडत नाही. पावसाळ्यात सुखनदी चढते आणि खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी येतं, हे आपण पाहतो. पात्र उथळ झालं की पाणी पसरणारच. त्यात घाटात जोराचा पाऊस आणि खाडीला उधाण एकाच वेळी आलं, तर पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणून पावसाळ्यात हवामानाच्या बातमीबरोबर तिथीकडेही लक्ष ठेवा.

शिल्लक : आज तळाशी काय आहे?

शिल्लक आहे, पण ती वेगळ्या प्रकारची.

गोव्यातल्या दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाणबुड्यांसह विजयदुर्गजवळ पाण्याखाली पाहणी केली. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्यात दगडांची एक रांग आहे, सुमारे 122 मीटर लांब. शत्रूची जहाजं आपटावीत म्हणून ही भिंत मुद्दाम बांधली, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. काही अभ्यासक ती माणसाने बांधली असं म्हणतात, तर काही म्हणतात हा निसर्गाचाच कातळ. काहीही असो, त्या खडकाला लागून जहाजाचं काय होत असेल हे सांगायला तज्ज्ञ नको.

खारेपाटणच्या जैन मंदिरातली काळ्या दगडाची लहान मूर्ती नदीच्या पात्रात मिळाली, असं सांगतात. नदी कधीकधी असं काही परत देते.

चिखलाचा एक गुण लक्षात ठेवा. उघड्या पाण्यातलं लाकूड समुद्री किडे पोखरून टाकतात. पण चिखलात खोल गाडलेल्या लाकडापर्यंत हवा पोचत नाही, म्हणून ते शेकडो वर्षं टिकतं. तेच लाकूड बाहेर काढून उन्हात ठेवलं तर चार दिवसांत आकसतं, तडकतं आणि भुगा होतो. जुनं नाणं चिंचेने घासून लख्ख केलं तर त्यावरची अक्षरं जातात. घासलेल्या नाण्यात धातूचं वजन राहतं, त्याची माहिती मात्र संपते. खरी किंमत तर माहितीचीच असते.

काही सापडलं तर काय करायचं?

विहीर खणताना, पाया काढताना, तिसऱ्या काढताना जुनी वस्तू हाताला लागू शकते. अशा वेळी कायदा काय सांगतो ते माहीत असू दे.

1. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हा 1878 चा निखात निधी कायदा. लपवलं तर आपला हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

2. कळवलं तर नुकसान नाही. वस्तू बेवारस ठरली आणि जागेचा मालक वेगळा असला, तर दोघांत वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि मालकाला एक हिस्सा मिळतो. सरकारने वस्तू स्वतःकडे घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे.

3. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, ताम्रपट, नाणी हे पुरावशेष धरले जातात. 1972 च्या कायद्याने ते कोणालाही खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही.

4. वस्तू हलवू नका, घासू नका. जागेचा फोटो काढा, तारीख आणि वेळ लिहा. तलाठी किंवा पोलीस पाटील यांना सांगा. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय रत्नागिरीला आहे.

5. धन काढून देतो म्हणणारा कोणी आला तर त्याला ओटीवरसुद्धा बसवू नका. गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली अघोरी कृत्यं करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरातल्या मुलाचं किंवा सुनेचं नाव घेऊन 'हिच्या हातून पूजा हवी' असं तो म्हणाला, तर त्याच क्षणी पोलिसांना फोन लावा.

त्या काकींना आम्ही पुढच्या बैठकीत हेच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ज्याका धन दिसता, तो आपल्या परसात कित्याक खणत नाय?" त्या दिवशी सगळ्यांत शहाणा प्रश्न तोच होता.

आपल्या हातातलं धन

खाडीत आज जे जिवंत आहे, त्याची किंमत कोणी करत नाही, कारण ते रोजचं आहे. तिसऱ्या, खुबे, कालवं, कुर्ल्या, झिंगे. सुकतीला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हे काढणाऱ्या हातांत बायकांचे हात किती असतात, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांची पिल्लं वाढतात कांदळवनात. तिवर, चिपी ही झाडं मुळांनी गाळ धरून ठेवतात, काठ ढासळू देत नाहीत. कांदळवन तोडलं की मासळी कमी होते आणि गाळ वाढतो. जकातीचं सोनं पुन्हा यायचं नाही, पण ही आवक अजून चालू आहे.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका 2017 पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं त्यांच्याच हातात आणि माहितीही त्याच सांगतात. त्याच वर्षी राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना सुरू केली. खेकडेपालन, कालवं, मासेपालन, पर्यटन यांसाठी गावातल्या गटांना तिच्यातून मदत मिळते. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका 2025 मध्ये पर्यटन महामंडळाकडे आली. निवतीजवळ ती तळाशी उतरवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. बुडालेलं जहाज पाहायला लोक पैसे मोजतात, तर हजार वर्षांच्या बंदराची गोष्ट ऐकायला मोजणार नाहीत? ती गोष्ट सांगायला आपण तयार हवं.

आणि शेवटचं. शिलाहारांचे वाडे गेले, जहाजं गेली, सोनं गेलं. उरले ते लिहिलेले पत्रे. कोणाला किती मिळावं, कोणाला माफी, काम कोणाचं, हे त्यांत लिहिलं होतं म्हणून आज आपण ते बंदर डोळ्यांपुढे आणू शकतो. आपलं ठरावपुस्तक, बचतीची वही, कर्जाची नोंद ही आपल्या काळची कागदपत्रं आहेत. कर्जाचं कारण खरं लिहा. पावसाळ्यापूर्वी वह्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा, पुराचं पाणी तिथवर पोचणार नाही अशा जागी.

गटात चर्चेसाठी

1. आपल्या गावात 'इथे धन आहे' अशी कुठली जागा सांगतात? ती गोष्ट कोणी सांगितली, कधीची?

2. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा, तिच्या लहानपणी होडी कुठपर्यंत यायची? आज तिथे पाणी किती असतं?

3. खाडीतून आपल्या गावात वर्षाला काय काय मिळतं? यादी करा आणि समोर अंदाजे रक्कम लिहा. पुढच्या बैठकीत एकत्र वाचा.

4. आपल्या गटाच्या वह्या कुठे ठेवल्या आहेत? पूर आला तर त्या कोण उचलणार, हे आजच ठरवा आणि ठरावात लिहा.